पॅराव्ह्यूमध्ये लोणारच्या उंचसखल जाळीवर उपग्रहचित्र नीट बसत नाही

भूगोल_मेहकर

नमस्कार. मी मेहकरजवळच्या एका शाळेत आठवी ते दहावीला भूगोल शिकवते. लोणार आम्हाला जवळ, त्यामुळे सहल दर वर्षी तिथंच जाते. काठावर उभं राहिलं की मुलांना तळं दिसतं, झाडी दिसते. पण विवराचा काठ भोवतालच्या पठारापेक्षा वीसेक मीटर उचललेला आहे, हे तिथं कळत नाही, कारण आपण त्याच काठावर उभे असतो. पुस्तकातल्या फोटोतही ते दिसत नाही. म्हणून विवर पॅराव्ह्यू या त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून प्रोजेक्टरवर चहूबाजूंनी फिरवून दाखवायचं आणि त्यावर जून २०२० चं, पाणी गुलाबी झालं होतं तेव्हाचं, सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र पांघरायचं ठरवलंय. महिनाभर रात्री बसून शिकतेय. बरंचसं जमलंय, पण आता अडले आहे.

काय काय केलं ते क्रमाने सांगते. विवर १९ अंश साडेअठ्ठावन्न मिनिटांवर आहे आणि उंचीच्या डेटाचा चौकोन बरोबर २० अंशांवर संपतो. म्हणजे विवराच्या मध्यापासून उत्तरेला अडीच-पावणेतीन किलोमीटर गेलं की दुसरा चौकोन सुरू. त्यामुळे कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाच्या ३० मीटरच्या डीईएमचे, म्हणजे उंचीच्या नकाशाचे, दोन चौकोन उतरवले. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींतून आपल्याला हवा तेवढा भाग कापला, दोन्ही यूटीएम ४३ उत्तरमध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीत) रीप्रोजेक्ट केले आणि मग मर्ज केले. ४०० बाय ४०० पिक्सेल, म्हणजे १२ किलोमीटरचा चौरस मिळाला. तेवढ्याच चौरसाचं उपग्रहचित्र १० मीटरने, १२०० बाय १२०० चं, पीएनजी करून घेतलं.

पॅराव्ह्यूमध्ये डीईएमची फाइल टिफ रीडरने उघडली. वॉर्प बाय स्केलर (उंचीच्या आकड्याप्रमाणे जाळी वर उचलणारा फिल्टर) लावलं तर आधी नुसते सुळकेच सुळके उभे राहिले. स्केल फॅक्टर कमी करत ०.१ वर आणला तेव्हा डोळ्यांना बरं दिसलं. मग टेक्स्चर मॅप टू प्लेन, म्हणजे चित्र जाळीवर कुठं बसवायचं ते ठरवणारा फिल्टर. ओरिजिन ०, ०, ०. पॉइंट १ ला ०, ३९९, ० आणि पॉइंट २ ला ३९९, ०, ०. मग डिस्प्लेमध्ये टेक्स्चर म्हणून पीएनजी दिली.

आता अडचणी. विवराच्या उत्तरेला पूर्व-पश्चिम असा सरळ, खोल चर पडलाय. असा चर तिथं नाही, मी त्या शेतांतून चालले आहे. तो एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद आहे. शिवाय सगळ्या चौरसाच्या कडेने पडदा सोडावा तशी भिंत खाली गेली आहे, त्यापुढे विवर बशीएवढं वाटतं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते चित्राने. ईशान्येची धार, म्हणजे विवरात उतरणारा झरा, जिथं हवी तिथंच आहे. पण अंबर तळं, जे मोठ्या विवराच्या उत्तरेला ७०० मीटरवर आहे, ते चित्रात पूर्वेला आलंय. जाळीत मात्र त्याचा खळगा उत्तरेलाच दिसतो. म्हणजे खळगा एकीकडे आणि त्याचं चित्र दुसरीकडे. एक जागा जुळते आणि दुसरी जुळत नाही, हे मला उलगडत नाही.

आणखी म्हणजे तळं गुलाबी न दिसता जांभळं दिसतं, शेतं मळकट दिसतात. आणि माउसने फिरवायला गेलं की सगळं खडबडीत ठोकळ्यांसारखं होतं, सोडलं की पुन्हा ठीक. मध्येच पट्टे लखलखतात. कार्ड कमी पडतंय का? लॅपटॉप ८ जीबीचा आहे. वर्गात दाखवायचं असल्यामुळे मला हे बरोबर हवंय, नुसतं छान दिसून चालणार नाही.

---

सह्यकडा

ताई, फिरवताना जे ठोकळे दिसतात तो बिघाड नाही. फिरवणं अडखळू नये म्हणून पॅराव्ह्यू तेवढ्यापुरती हलकी जाळी दाखवतो. एडिटमध्ये सेटिंग्ज, तिथं रेंडर व्ह्यू, त्यात एलओडी थ्रेशोल्ड आहे, तो आकडा वाढवा. तुमची जाळी दीड लाखाच्या आसपास बिंदूंची आहे, एवढी कुठलंही साधं कार्ड पेलतं. एकदा हेल्पमधल्या अबाउटमध्ये ओपनजीएल रेंडररसमोर काय लिहिलंय ते बघा. तिथं एलएलव्हीएमपाइप असेल तर कार्ड वापरलंच जात नाहीये, सगळा भार प्रोसेसरवर आहे.

चित्राबद्दल माझा अंदाज, ते उभं उलटलंय. डिस्प्लेमध्ये फ्लिप टेक्स्चर्स असा चौकोन आहे, त्यावर टिक करून बघा.

---

भूगोल_मेहकर

सर, एलओडीचं जमलं, आभार. रेंडररसमोर इंटेलचं नाव आहे.

फ्लिप टेक्स्चर्स करून पाहिलं. आता अंबर पश्चिमेला गेलं आणि धारसुद्धा जागा सोडून वायव्येला आली. म्हणजे आधी एक तरी जागा जुळत होती, आता तीही नाही. पूर्ववत केलं.

---

जाळीदार

मॅडम, तुम्ही फ्लिप करून काय झालं ते नेमकं लिहिलंत म्हणून कोडं सुटलं. चित्र उलटलेलं नाही, त्याचे दोन अक्ष एकमेकांच्या जागी गेलेत.

टेक्स्चर मॅप टू प्लेनला तीन कोपरे लागतात. ओरिजिन म्हणजे चित्राचा खालचा डावा कोपरा, आपल्यासाठी नैर्ऋत्य. पॉइंट १ म्हणजे खालचा उजवा, आग्नेय. पॉइंट २ म्हणजे वरचा डावा, वायव्य. तुम्ही पॉइंट १ ला ०, ३९९ दिलंत, म्हणजे आधी उत्तर आणि मग पूर्व. भूगोलाच्या माणसाच्या हातून हे होणारच, आपण आयुष्यभर अक्षांश आधी आणि रेखांश नंतर म्हणतो. इथं एक्स आधी, म्हणजे पूर्व आधी.

अक्ष अदलाबदल झाले की चित्र नैर्ऋत्य ते ईशान्य या कर्णावर उलटं पडतं. जे कर्णावर आहे ते हलत नाही. धार ईशान्येला, म्हणजे जवळपास त्याच कर्णावर, म्हणून ती जागेवर राहिली. अंबर उत्तरेला, म्हणून ते पूर्वेला गेलं. आणि मोठं तळं गोल आणि चौरसाच्या मधोमध, ते कसंही फिरवलं तरी तसंच दिसणार. तुम्हाला अंबरची जागा पायाखालची नसती, तर ही चूक वर्षभर कुणाच्या लक्षात आली नसती. चित्र बसवताना दोन खुणा तपासायच्या आणि त्या कर्णावर नसलेल्या घ्यायच्या, ही सवय मी स्वतः फार उशिरा लावून घेतली.

आता चर आणि पडदा. दोन्हींचं मूळ एकच आहे, कामाचा क्रम. यूटीएमची जाळी आणि अक्षांश-रेखांशांची जाळी एकमेकींना समांतर नसतात. ४३ व्या पट्ट्याचं मध्य रेखावृत्त ७५ अंश, लोणार त्याच्या दीड अंश पूर्वेला. त्या अक्षांशावर त्यातून साधारण अर्ध्या अंशाचा तिरकेपणा येतो. अर्धा अंश ऐकायला काहीच नाही, पण १२ किलोमीटरवर त्याचे शंभरेक मीटर होतात, म्हणजे तीन-चार पिक्सेल. तुम्ही आधी कापलंत आणि मग रीप्रोजेक्ट केलंत, तेव्हा तिरक्या तुकड्याभोवती सरळ चौकट बसवायला कडेला पाचरीसारखी जागा उरली. त्या जागेचा डेटा नाही, म्हणून तिथं शून्य भरलं गेलं. पठार पाचशे मीटरच्या वर आणि कडेला शून्य, म्हणून भिंत. मर्ज करताना एका तुकड्याची शून्याची पाचर दुसऱ्याच्या खऱ्या उंचीवर बसली, म्हणून चर. तो एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्याला रुंद दिसतो, कारण ती पाचरच आहे.

तर आधी दोन्ही चौकोन मूळ रूपात मर्ज करा, मग रीप्रोजेक्ट करा (बायलिनियर, ३० मीटर), आणि सगळ्यात शेवटी कापा. मग पॅराव्ह्यूमध्ये फाइल उघडल्याबरोबर इन्फर्मेशनमध्ये डेटाची रेंज बघा. किमान शून्य दिसलं तर थांबा. बुलढाणा जिल्ह्यात समुद्रसपाटीला कुठलीही जागा नाही.

स्केल फॅक्टरचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण तुम्हाला बरोबर हवंय म्हणालात. टिफ रीडर नकाशाची माहिती वाचत नाही. त्याच्या लेखी एक पिक्सेल म्हणजे एक एकक. उंची मात्र मीटरमध्येच राहते. म्हणजे आडवं अंतर तीसपट आक्रसलेलं आणि उभं जसंच्या तसं, त्यातून ते सुळके. खरं प्रमाण हवं असेल तर स्केल फॅक्टर एक भागिले तीस, ०.०३३ हवा. तुम्हाला ०.१ ला बरं दिसलं, म्हणजे नकळत उंची तिप्पट झाली. तिप्पट ठेवायला हरकत नाही, पण ते ठरवून ठेवावं आणि चित्राखाली लिहावं.

मी असं करतो. टिफ रीडरनंतर लगेच ट्रान्सफॉर्म फिल्टर. स्केल ३०, ३०, १ आणि ट्रान्सलेट १५, १५, ०. आता सगळं मीटरमध्ये आलं. पंधरा कशाला? डीईएममधली उंची पिक्सेलच्या मध्याची धरली जाते आणि जाळीचे बिंदू त्या मध्यांवर असतात, तर उपग्रहचित्र पिक्सेलच्या कडेपासून कडेपर्यंत पसरलेलं असतं. जाळीच्या टोकांना चित्राची टोकं बांधली तर चित्र चारही बाजूंनी अर्ध्या पिक्सेलने, म्हणजे १५ मीटरने, आत ओढलं जातं. सेंटिनेलचा पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे दीड पिक्सेलची चूक. पंधराने सरकवलं की चौरसाचा नैर्ऋत्य कोपरा बरोबर ०, ० होतो.

त्यानंतर टेक्स्चर मॅप टू प्लेन. ओरिजिन ०, ०, ०. पॉइंट १ ला १२०००, ०, ०. पॉइंट २ ला ०, १२०००, ०. इथं जाळीचे नाही, चित्राचे कोपरे द्यायचे. आपोआप प्रतल काढायची सोय असली तरी ती इथं वापरू नका. मग वॉर्प बाय स्केलर, स्केल फॅक्टर १. शेवटी सरफेस नॉर्मल्स (जुन्या आवृत्तीत जनरेट सरफेस नॉर्मल्स), म्हणजे प्रकाश त्रिकोणात्रिकोणांवर तुटणार नाही. ते वॉर्पच्या आधी लावू नका. जाळीला नॉर्मल्स (पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशा) मिळाले की वॉर्प त्यांच्या दिशेने उचलायला बघतो, आणि आपल्याला फक्त सरळ वर हवं आहे.

पट्टे लखलखतात ते एकाच जागी दोन पृष्ठभाग दिसत असल्यामुळे. पाइपलाइनमध्ये (फिल्टरांच्या यादीत) फक्त शेवटच्या फिल्टरचा डोळा उघडा ठेवा, वरचे सगळे बंद.

जांभळ्या तळ्याचं कारण रंगसंगती. कलरिंगमध्ये अजून उंचीच निवडलेली असणार. कमी उंचीला निळा, आणि तळं सगळ्यात खाली. टेक्स्चरचा गुलाबी त्या निळ्याने गुणला गेला. कलरिंगला सॉलिड कलर करा आणि तो रंग पांढरा शुभ्र ठेवा, करडा ठेवलात तर सगळं मळेल. स्पेक्युलर (चकाकी) शून्य. सेंटिनेलच्या चित्रात सूर्यप्रकाश मुळातच आहे, त्यावर पॅराव्ह्यूचा दिवा पुन्हा सावल्या टाकतो, म्हणून अँबियंट (सगळीकडे सारखा उजेड) थोडा वाढवून डिफ्यूज (दिव्याच्या दिशेचा उजेड) कमी करून बघा. पीएनजी करताना क्यूजीआयएसमध्ये रॉ डेटा नाही, रेंडर्ड इमेज निवडा. मूळ आकडे १६ बिटांचे असतात आणि जमिनीच्या बाबतीत ते त्या पट्टीच्या खालच्याच भागात असतात, ते तसेच ८ बिटांत दाबले की काळोख होतो.

---

ड्रोनवाला_नाशिक

जाळीदार यांनी ०, ० पासून सुरुवात करायला सांगितलं त्याचा आणखी एक फायदा आहे. मॅडमना आत्ता तो लागणार नाही, पण धागा पुढे कुणी वाचेल म्हणून लिहितो.

लोणारची यूटीएममधली उत्तरेची संख्या २२ लाख मीटरच्या वर जाते. ३२ बिटांच्या दशांश संख्येत एवढ्या मोठ्या आकड्याला पाव मीटरपेक्षा बारीक पायरी मिळत नाही. ३० मीटरच्या डीईएमला याने काही फरक पडत नाही. पण मी खाणींची ड्रोनने मोजणी करतो, आमची जाळी पाच सेंटीमीटरची असते. पूर्ण यूटीएम संख्या तशाच ठेवल्या तेव्हा उतारावर धुतलेल्या पत्र्यासारख्या वळ्या उमटल्या होत्या. मी दोन दिवस कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन तपासत बसलो. शेवटी सगळ्या बिंदूंतून एकच मोठी संख्या वजा केली आणि वळ्या गेल्या. वजा करताना ६४ बिटांत करा, आणि वजा केलेली संख्या फाइलच्या नावातच लिहून ठेवा. वहीत लिहिलेली सापडत नाही.

---

भूगोल_मेहकर

जाळीदार सर, झालं! मर्ज, रीप्रोजेक्ट, मग कापणं या क्रमाने पुन्हा केलं. रेंजमधलं शून्य गेलं, चर गेला, पडदा गेला. अंबर उत्तरेला आलं आणि त्याचं चित्र त्याच्या खळग्यात बसलं. मी खुर्चीतून उठून घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं.

अक्षांश आधी म्हणण्याच्या सवयीबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के खरं. पॉइंट भरताना मी मनातल्या मनात "उत्तर, मग पूर्व" म्हणत होते, हे मला आठवतंय.

स्केल फॅक्टर १ वर आणला तेव्हा क्षणभर वाईट वाटलं. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल, म्हणजे खरं विवर पसरट आहे. तिप्पट उंचीचं चित्र मुलांना जास्त आवडलं असतं. पण मी खरं प्रमाणच आधी दाखवायचं ठरवलं. शनिवारी नववीला दाखवलं. पहिला प्रश्न आला, "बाई, एवढं उथळ? पायऱ्या चढताना तर दम लागला होता." मग वह्या काढायला लावल्या. एक सेंटीमीटर म्हणजे शंभर मीटर. विवराची रुंदी अठरा सेंटीमीटर, खोली दीड सेंटीमीटर, आणि काठाचा उंचवटा दोन मिलिमीटर. पट्टीवर दोन मिलिमीटर मोजताना वर्ग शांत झाला होता. त्यानंतर स्केल ३ करून, फळ्यावर "उंची तिप्पट" असं लिहून, कॅमेरा जमिनीलगत आणून काठ दाखवला. उचललेला काठ आता सगळ्यांना दिसला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तो आधी ओळखला. ती लोणार गावातली आहे आणि तिचं म्हणणं, शेतातून घराकडे येताना शेवटचा चढ लागतो तो हाच.

एक शंका राहिली. जून २०२० चं चित्र लावल्यावर गुलाबी पाणी जाळीतल्या सपाट तबकडीपेक्षा लहान पडतं. तबकडीच्या कडेला फिकट पांढरट पट्टा उरतो. धार आणि अंबर अगदी जुळतात, मग तळंच का जुळत नाही? पुन्हा कोपरे चुकले का?

---

जाळीदार

नाही मॅडम, कोपरे बरोबर आहेत. कोपर्निकस डीईएमची मोजणी टॅनडेम-एक्स उपग्रहांनी २०११ ते २०१५ मध्ये केली आहे, आणि पाण्याचे पृष्ठभाग त्यात सपाट करून दिलेले असतात. तुमची तबकडी त्या वर्षांतल्या पाण्याची आहे. जून २०२० मध्ये पाणी कमी होतं आणि खारटपणा वाढला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव सापडले. पांढरट पट्टा म्हणजे पाणी मागे हटल्यावर उघडी पडलेली किनाऱ्याची जमीन. तो पुसू नका.

त्याच जाळीवर पावसाळ्यानंतरच्या एखाद्या निरभ्र दिवसाचं चित्रही लावा. चौरस तोच ठेवून पीएनजी बनवली की फक्त टेक्स्चर बदलायचं, बाकी पाइपलाइनला हात लावावा लागत नाही.

---

भूगोल_मेहकर

मग तो पट्टाच पुढच्या तासाला दाखवते. नोव्हेंबरचं चित्र उतरवायला लावलंय, आमच्याकडे नेट सावकाश आहे, सकाळपर्यंत येईल. पाइपलाइन स्टेट फाइल म्हणून जतन केली आहे. शेजारच्या शाळेतल्या सरांनाही हवी आहे, त्यांना देताना उंचीचं प्रमाण नावातच लिहिते.